प्रीतीचीं गाणीं

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं आमच्या शिक्षकांच्या खोलींत एक वाद दरवर्षीं उपस्थित होतो. मुलांनीं निवडलेलें अमुक एक चित्रपटगीत त्यांस म्हणूं द्यावें कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, ख्रिस्ती शाळेच्या रंगमंचावर असलीं गाणीं शोभत नाहींत. दुसरा म्हणतो, मुलें तीं मोबाईलवर अहोरात्र ऐकतातच, मग येथें म्हटल्यानें काय बिघडणार? वाद बहुधा चहा संपेपर्यंत चालतो व निर्णय मुख्याध्यापकांवर सोंपविला जातो. मला मात्र वाटतें कीं, गाण्यांत प्रीति आहे कीं नाहीं एवढेंच दोन्ही पक्ष पाहतात. ती कशा प्रकारची प्रीति आहे, हें कोणी विचारीत नाहीं.

प्रीतीचें गाणें म्हटलें कीं कपाळाला आठी घालणाऱ्या पालकांना मी नम्रपणें एका गोष्टीची आठवण देतों. आपल्या पवित्र शास्त्रांत 'गीतरत्न' नांवाचें एक पुस्तक आहे. आठ अध्यायांचें हें लहानसें काव्य म्हणजे एका तरुणाचें आणि एका तरुणीचें प्रेमगीत होय. त्यांत डोळ्यांचें, केसांचें, ओठांचें वर्णन आहे. द्राक्षमळे आहेत, डाळिंबें आहेत, सुगंधी द्रव्यें आहेत. आणि देवाचें नांव जवळजवळ नाहींच. हें पुस्तक पवित्र मानावें कीं नाहीं, याविषयीं यहूदी पंडितांत पूर्वीं चर्चा झाली. त्या वेळीं अकिबा नामक थोर गुरूनें त्याची बाजू घेतली व सर्व पवित्र लेखांत तें परमपवित्र होय असें मत दिलें. मौज अशी कीं, मेजवानीच्या घरांत तें साध्या गाण्यासारखें गळा काढून म्हणणाऱ्यांचा याच अकिबानें कडक निषेध केल्याचेंही नमूद आहे. म्हणजे 'गीतरत्न' हें एके काळीं लोकांच्या तोंडीं बसलेलें गाणें होतें! पुढें बाराव्या शतकांत फ्रान्समधील मठाधिपति बर्नार्ड यानें त्यावर ८६ प्रवचनें केलीं, तरी तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे त्याची मजल गेली नाहीं. बर्नार्डानें त्या काव्यांत ख्रिस्त व मनुष्याचा आत्मा यांची प्रीति पाहिली. तो अर्थ मी मानतों. परंतु त्याच्या आड मूळच्या तरुण-तरुणीला पुसून टाकणें मला मान्य नाहीं.

'वासना' हा शब्दच पहा ना. आज तो उच्चारतांना आपण आवाज खालीं आणतों. परंतु माझ्या आजीला ताप आला कीं ती सहज म्हणे, "जेवणावर वासना नाहीं." ताप उतरून वासना परत आली म्हणजे घरांत सर्वांना आनंद होई. ज्याला भूक लागते तो पापी ठरत नाहीं. तो ताट कोणाचें ओढतो, हें मात्र पाहावें लागतें.

गीतरत्नांतील तरुणी गप्प बसणारी नाहीं. तरुणापेक्षां तीच अधिक बोलते. ती त्याला बोलावते, रात्रीं नगरांत शोधीत फिरते, पहारेकऱ्यांचा मारही खाते. आणि प्रीति आपल्या वेळेनें जागी व्हावी, तिला कोणी हालवून उठवूं नये, असें यरुशलेमेच्या कन्यांना त्या काव्यांत तीन वेळां बजावलेलें आहे. हें बजावणें आपल्या मुलांच्या आवडत्या गाण्यांत मला क्वचितच ऐकूं येतें.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. दहावीच्या वर्गांतील एक हुशार मुलगी सारखी उशिरां येऊं लागली. विचारपूस केली तेव्हां कळलें कीं, नेहमींचा रस्ता सोडून ती कालव्याच्या काठानें मोठा वळसा घालून येत होती. नेहमींच्या रस्त्यावर पानाच्या दुकानापाशीं तीन मुलें उभीं असत, आणि ती दिसली कीं एक लोकप्रिय गाणें म्हणत. गाण्यांत एकही अश्लील शब्द नव्हता. चाल तर इतकी गोड कीं, मीही ती कधीं कधीं गुणगुणतों. तूं कितीही नाहीं म्हण, मी पाठ सोडणार नाहीं, असा त्याचा आशय. आणि पडद्यावरील नायिका शेवटच्या कडव्यापर्यंत हसूं लागते. आमची मुलगी हसली नाहीं. तिच्या वडिलांच्या कानांवर ही गोष्ट गेली तेव्हां ते मला येऊन म्हणाले, "सर, तिचें नांव काढून घेतों. मामाकडे पाठवितों, पुढें लग्नाचें पाहूं." गाणें म्हटलें तीन मुलांनीं, आणि शाळा सुटणार होती ती तिची!

मुलें आमच्याच शाळेंतील निघालीं. त्यांना बोलावलें तेव्हां त्यांच्या चेहऱ्यांवर लबाडी नव्हती, खरेंखुरें आश्चर्य होतें. "सर, आम्ही फक्त गाणें म्हणत होतों." मीं सांगितलें कीं, आईवडिलांसह तिच्या घरीं जाऊन क्षमा मागावी, आणि त्याच गाण्याचें उत्तर त्या मुलीच्या बाजूनें लिहून आणावें. दोघांनीं कांहींतरी खरडलें. तिसऱ्यानें चार ओळी आणल्या: ती गाणाऱ्यांची तोंडें पाहत नाहीं, पायांखालचे दगड मोजीत जाते. मुलगी शाळेंतच राहिली व परीक्षाही चांगली उत्तीर्ण झाली. वडिलांची समजूत घालण्यास मात्र तीन रविवार लागले.

असें कांहीं घडलें कीं पालकसभेंत मागणी येते, गाणींच बंद करा. बंदीचा प्रयोग आपल्या देशांत मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १९५२ मध्यें बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते निष्ठावंत पुरस्कर्ते. त्यांच्या कारकीर्दींत चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोत्यांनीं काय केलें? रेडिओचा कांटा सिलोनकडे वळविला. त्याच वर्षीं तेथून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि घरोघरीं लोक बुधवारची वाट पाहूं लागले. शेवटीं १९५७ मध्यें आकाशवाणीनेंच विविधभारती काढली व गाणीं परत आलीं.

त्यापेक्षां जुन्या गाण्यांशेजारीं नवीं ठेवून तीं पारखावयास मुलांना शिकवावें. लावणीचें नांव काढतांच कांहीं पालक दचकतील. पण पेशवाईंतील लावण्यांत मोहिमेवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री वारंवार भेटते. आपली इच्छा ती झांकीत नाहीं. परंतु ती इच्छा एकाच माणसासाठीं आहे, आणि महिने उलटले तरी टिकून आहे. (तिचे शब्द बहुधा पुरुष शाहिरांनीं लिहिलेले, हेंही मुलांना सांगावें.) शृंगाराच्या लावण्या रचणाऱ्या होनाजीचीच एक भूपाळी महाराष्ट्रांत पहांटे भक्तीनें म्हटली गेली, आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९५१ मध्यें 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला.

गाण्याची एक अडचण त्याच्या लांबींतच आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत, आणि त्या मापानें बेतलेलें गाणें पुढेंही फारसें लांबलें नाहीं. तेवढ्यांत भेट होते, विरह होतो. पण वाण्याची उधारी, सासूचें आजारपण, तापानें फणफणलेलें मूल यांना तेथें जागा कोठून मिळणार? करिंथ येथील मंडळीस पौलानें प्रीतीविषयीं लिहिलेला अध्याय आपण लग्नांत वाचतों. परंतु तो लिहिला होता आपसांत भांडणाऱ्या लोकांना, आणि त्यांत प्रीतीचा पहिला गुण सहनशीलता हाच सांगितला आहे.

माझ्या आईस अर्धांगवायु झाला, त्यानंतर ती सात वर्षें अंथरुणावर होती. वडील दररोज सकाळीं तिचे केस विंचरून वेणी घालीत. पुरुषाच्या हातची वेणी ती. कधीं सैल, कधीं तिरपी. वेणी घालतांना ते रेव्हरंड टिळकांचें एखादें भजन म्हणत, आणि मन प्रसन्न असलें कीं किर्लोस्करांच्या 'सौभद्र' नाटकांतील पद. १८८२ सालचें तें नाटक, विषय अर्जुन-सुभद्रेच्या प्रीतीचा. आईची वाचा गेलेली होती. पद चुकलें कीं ती डाव्या हातानें त्यांच्या गुडघ्यावर चापट मारी, आणि ते पुन्हां पहिल्यापासून सुरू करीत.