पाखऱ्याचं पाणी

पाखऱ्या परतवाड्याच्या बैलबाजारातून आला, तेव्हा मीही या घरात नवीच होते. पांढऱ्या अंगावर काळसर ठिपके, मागे वळलेली शिंगं, चालीला तेज. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, मी नाशिककडची. दर्यापूर तालुक्यातल्या या काळ्या रानात दोघंही परकेच.

हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेला. विहीर खणा नाहीतर बोअर घ्या, लागतं ते खारंच पाणी. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि चहात दूध घातलं की फाटतं. घरच्यांना त्याची सवय होती. मी चहा सोडून दिला; कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाखऱ्यानं मात्र पाणीच सोडलं. बादली पुढे आली की ओठ ओले करायचा आणि फुरफुरत मान वर घ्यायचा. "तहान लागली का पेते आपोआप," सालदार म्हणाला. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पटलं नाही. बंडीत ड्रम टाकून त्यांनी लांबून गोडं पाणी आणलं. आधी निव्वळ गोडं पाजलं, मग रोज थोडं थोडं खारं मिसळत गेले. बादली बैलापुढे ठेवण्याआधी ओंजळभर पाणी स्वतः तोंडात घोळवून बघायचे. जन्मभर तेच पाणी प्यायलेला माणूस, पण तोंड वाकडं करून म्हणायचा, "आज लय खारं झालं. त्याले नाई जमाचं."

अशीच चव घेताना एकदा त्यांनी मान वर करून मला विचारलं, "पोरी, तू चहा काऊन नाई पेत व?" त्या ड्रमातली एक घागर दुसऱ्या दिवसापासून चुलीजवळ येऊ लागली.

मामाजी गाडगेबाबांना मानणारे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले बाबा वडील गेल्यावर आईबरोबर मूर्तिजापूर भागातल्या दापुऱ्याला आजोळी आले आणि तिथे गुरं राखत वाढले. पुढे मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण उभारलं, देवापुढच्या पशुबळीवर कीर्तनांतून कोरडे ओढले. "दुसऱ्याच्या घरी वाढलेल्याले मुक्याचं समजते," असं मामाजींचं म्हणणं.

पाखऱ्या डवऱ्याला सरळ होता, पराटीच्या तासात पाय वाकडा पडू द्यायचा नाही. सालदारानं एकदा तुतारी टोचली, तर पुढे कित्येक दिवस त्याला जू ठेवू दिलं नाही. मामाजी आले की मुकाट मान खाली. थकला तेव्हा व्यापारी दारी येऊन गेले. जोडीला नवा बैल आला, तरी पाखऱ्याची दावण हलली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्यानं खांद शेकताना पहिला मान त्याचाच. त्या खांद्यावर जू येणं केव्हाच थांबलं होतं, पण मामाजी घट्टे चाचपून चाचपून लोणी जिरवायचे. मेला तेव्हा धुऱ्यावरच्या निंबाखाली खड्ड्यात मीठ टाकून त्याला पुरला.

आता गावात धरणाच्या पाण्याचे नळ आहेत, पण त्यांना रोज पाणी नसतं. शाळेत कुणी बाई बदलून आल्या की त्यांच्या घरी आधी माझी घागर जाते. नाव-गाव मग विचारते.