मावशीची ठेव

मयत खातेदारांचे दावे ज्याच्या टेबलावर येतात, त्या कारकुनाचा माणुसकीवरचा विश्वास टिकतो, पण जरा हात राखून. तेराव्याला एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेले सख्खे भाऊ चौदाव्या दिवशी माझ्यासमोर उभे असतात, आणि एकमेकांकडे पाठ करून. असो. मला छळणारा प्रश्न निराळाच आहे. ठेव, लॉकर, शेअर्स यांना आम्ही नॉमिनी विचारतो. पण बापाचा तापट स्वभाव, आजोबांचं टक्कल आणि घराण्याची दुखणी यांना कोण विचारतं? ती परस्पर वर्ग होतात. तिथं फॉर्म नाही, साक्षीदार नाही आणि ‘मला नको’ म्हणायची सोय तर मुळीच नाही.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे मार्गारेट रुदरफर्ड ही इंग्लंडची नटी. नटी म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढं येतं ते कृपा करून पुसून टाका. गोल बांधा, लोंबते गाल, आणि एका हनुवटीमागं आणखी दोन राखीव. ही हनुवटी बाईंच्या आधी बोलायची. बाई संतापल्या की आधी ती थरथरे, मग मागाहून संवाद येई. अशा बाईंना पाहून दोन पिढ्या पोट धरधरून हसल्या. आणि त्यांना वारशानं काय मिळालं होतं ते ऐका.

त्यांच्या वडिलांचं मूळ आडनाव बेन. १८८३ साली या विल्यम बेननं आपल्या जन्मदात्याला, जो धर्मोपदेशक होता, रात्रीसाठी पलंगाखाली ठेवायच्या भांड्यानं ठार मारलं. हत्यार ऐकून ओठ हलतात खरे, पण गोष्ट हसण्यासारखी नाही. त्यांची रवानगी ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. सात वर्षांनी सुटल्यावर त्यांनी ‘बेन’ टाकलं आणि ‘रुदरफर्ड’ हे मधलं नावच आडनाव म्हणून लावलं. १८९२ साली लंडनला मार्गारेट जन्मली. नव्यानं डाव मांडावा म्हणून कुटुंब आपल्याकडे मद्रासला आलं, आणि तिथं तिच्या आईनं गळफास लावून घेतला. लेक जेमतेम तीन वर्षांची.

‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपण उगीच तोंडावर फेकतो. या पोरीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी झाली. विंबल्डनच्या बेसीमावशीनं तिला वाढवलं. ‘तुझे वडील वारले’ असं घरात सांगितलेलं. पुढं कळू लागल्यावर समजलं की वडील वारलेले नाहीत, ते पुन्हा ब्रॉडमूरमध्ये आहेत. तेव्हापासून एक भीती या बाईंच्या उशाशी कायमची मुक्कामाला आली: हे आपल्याही रक्तात उतरलं असेल का? उदासीचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले.

पोटासाठी बाई सायकलवरून घरोघर जाऊन पियानो शिकवत. मग मावशी वारली आणि भाचीच्या नावे थोडी रक्कम ठेवून गेली. बाईंनी त्या पैशात मुदत ठेव केली नाही. त्या ऊर उघड्या डोळ्यांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. साल १९२५, वय ३३! या वयात आमच्याकडे माणूस गृहकर्जाचे हप्ते मोजत बसलेला असतो. एका हंगामानंतर पुन्हा शिकवण्या नशिबी आल्या, तरी बाईंनी हट्ट सोडला नाही. पहिला चित्रपट मिळाला १९३६ साली, म्हणजे वयाच्या ४४व्या वर्षी. माझंही वय त्याच घरातलं असल्यामुळं हा आकडा मी घरी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला. “त्यांनी सायकल तरी चालवली,” एवढंच आमची ही म्हणाली.

१९४१ साली नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइद स्पिरिट’ नाटकात त्यांना मृतात्म्यांना बोलावणाऱ्या मादाम आर्कातीचं काम आलं. बाई बिचकल्या. मेलेल्यांशी बोलू पाहणाऱ्यांची टिंगल कशी करायची? शेवटी काम घेतलं ते एका विचारानं: आर्काती खोटी नाही, तिचा आपल्या विद्येवर पूर्ण विश्वास आहे. त्या जितक्या मनापासून आत्मे बोलावत, तितकं थिएटर कोसळे. १९४५ साली डेव्हिड लीननं काढलेल्या चित्रपटातही आर्काती त्याच होत्या. आपण विनोदी आहोत हे त्यांनी स्वतःला कधी कळूच दिलं नाही. आम्ही मंडळी विनोद सांगण्याआधीच हसायला लागतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला काही शिल्लकच राहत नाही.

पुढं मिस मार्पलचं काम आलं. तिथंही सुरुवातीला नकारच! ज्या मुलीच्या घरात खून हा शब्द आयुष्यभर झाकून ठेवला, तिनं खुन्यांच्या मागं धावायचं? पण धावल्या. १९६१ ते १९६४ या काळात चार चित्रपट, बरेचसे कपडे स्वतःच्याच कपाटातले. अगाथा ख्रिस्तींना हे चित्रपट फारसे रुचले नाहीत, पण बाई रुचल्या. १९६२ची एक कादंबरी त्यांनी बाईंनाच अर्पण केली. आणि ‘द व्ही. आय. पीज’मध्ये धुक्यानं अडकलेल्या विमानतळावर त्यांनी रंगवलेली डचेस! वाडा वाचवण्यासाठी म्हातारपणी अमेरिकेला नोकरी करायला निघालेली. या भूमिकेला १९६४ साली ऑस्कर मिळालं. समोर ‘टॉम जोन्स’मधल्या तीन-तीन नट्या होत्या, त्या मागं पडल्या. बाई तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या.

आता राहिले यजमान. स्ट्रिंगर डेव्हिस हा नट त्यांना १९३० साली भेटला. त्याच्या मातोश्रींना ही सून पसंत नव्हती. म्हणून तो थांबला, बाईही थांबल्या. मातोश्री गेल्यावर १९४५ साली लग्न झालं. नवरी पन्नाशी ओलांडलेली. मार्पलच्या चारही चित्रपटांत ख्रिस्तींच्या पुस्तकांत नसलेला एक भित्रा ग्रंथपाल आहे, मिस्टर स्ट्रिंगर. तो हाच. बाई खुन्याच्या घरात शिरायला निघाल्या की हा घाबरतो, नको नको म्हणतो आणि तरी कामाला लागतो. अखेरच्या आजारपणात बाईंची स्मृती सुटत गेली तेव्हाही त्यांना सांभाळायला हाच होता. १९७२च्या मे महिन्यात बाई गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या शेजारी तोही विसावला.

बापाकडून आलेली भीती बाईंनी जन्मभर सांभाळली आणि मावशीकडून आलेली रक्कम एका हंगामात उडवली. आमच्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचा बसतो. आणि स्ट्रिंगरसारख्या माणसासाठी तर आमच्या फॉर्मवर जागाच नाही. एक अरुंद रकाना आहे: ‘नॉमिनीशी नाते’. तिथं ‘पती’ लिहायचं, शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलाकडे पाठवायचं.