ताण आणि माती

नाशिकची वाइनद्राक्षे आणि विदर्भातल्या शेंदूरजनाघाटचा संत्रा यांचे मर्म एकच: पाण्याचा मोजका ताण. संत्र्याचे थंडीत पाणी तोडले, झाड विसावले, की पुढे आंबिया बहाराची फुले फुटतात. पण हवामानाने दिलेली ही संधी माती पेलते का, यावर सारे ठरते. निचऱ्याच्या हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळी माती ओल धरून ठेवते, ताण लांबतो आणि पाणी साचले तर डिंक्या रोग बळावतो. ठिबक आणि कलमाला जंभेरी लिंबाचा खुंट असताना मातीची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण ठिबक पाणी देते, साचलेले काढत नाही. आणि खुंट निवडणे म्हणजेच मातीचे ऐकणे. म्हणून शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकेतून कलम उचलण्याआधी खड्डा खणून जमीन पाहावी. आभाळ आपल्या हाती नाही. जमिनीची पारख आहे.