दोन बोटी आणि एक करवंटी

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली होती. शाळा अकोले तालुक्यातलीच, पण मोटारबोटीत बसलेलं एकही पोर नव्हतं. सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, नारळ फोडला आणि दुपारी शेंडीच्या काठावर आलो. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं, असं मी सांगतोय तोवर निम्मी पोरं पाण्याकडे पळालीसुद्धा!

काठाला दोन छोट्या मोटारबोटी होत्या. एक लाल, टोकदार नाकाची, तळ खाली निमुळता होत गेलेला, मागे भलं मोठं इंजिन. दुसरी पांढरी, सपाट तळाची, एखाद्या परातीसारखी पसरट.

"गुरुजी, लालच! ती लई पळती!" चौथीतला एक पठ्ठ्या ओरडला. खरं सांगू का, माझाही जीव लाल बोटीतच अडकला होता.

एका पोरीने विचारलं, "तिचा तळ असा का हो?"

मग मी डब्याचं झाकण आणि सकाळच्या नारळाची करवंटी पाण्यात सोडली. झाकण शांत तरंगत राहिलं, करवंटी मात्र नुसती डुलत होती. निमुळत्या तळाची बोट वेगात लाटा कापते, पण उभी असताना जास्त हलते. सपाट तळाची उभी असताना स्थिर, मात्र लाटेवर धाडधाड आपटते. मग पोरांनी दोन्हींत खडे टाकले, सगळे एकाच बाजूला. बघता बघता दोन्हींत पाणी शिरलं. झाकणही बुडालं बरं का!

पोरं गप्प झाली. मला बडोद्याचा हरणी तलाव आठवला. जानेवारी २०२४ मध्ये तिथे शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि दोन शिक्षक गेले. बोटीत माणसं जास्त होती, जॅकेटं कमी.

लाल बोटवाले म्हणाले, "लहानच तर हायेत गुरुजी, दाटून बसवू. दोन फेऱ्यांत काम होईल." पैसेही वाचणार होते. क्षणभर मी 'हो' म्हणणारच होतो! पण आधी त्यांचं जॅकेट तिसरीतल्या एका पोराला घातलं, पट्टे आवळले आणि खांद्याजवळ धरून वर उचललं. जॅकेट थेट कानापर्यंत आलं, पोरगा खालीच! पाण्यात पडला असता, तर त्यातून सुटलाच असता. त्यांच्याकडची सगळी जॅकेटं मोठ्या माणसांची होती.

पांढऱ्या बोटीत लहान मापाची सात होती. आमची मुलं एकवीस. म्हणजे तीन फेऱ्या. दर फेरीला आम्हां दोघा गुरुजींपैकी एक जण बोटीत, दुसरा काठावर. चहा-भज्यांचे पैसे त्यातच गेले. तिसऱ्या फेरीला वारा सुटला, बोट अशी आपटत होती की सगळ्यांचे सदरे भिजले.

लाल बोटीचा पठ्ठ्या परतताना एसटीत माझ्याशी बोलेना. राजूर मागे पडल्यावर हळूच जवळ आला.

"गुरुजी, ती करवंटी द्या ना. घरी दाखवायचीय."