आंबाडखिंडीची रात्र

कापूरहोळच्या फाट्यावर महामार्ग सोडून भोरच्या रस्त्याला लागले, की ढाब्यांचा, पेट्रोलपंपांचा आणि अखंड धावणाऱ्या वाहनांचा जो उजेड मागे पडतो तो, मध्ये येणारे भोर शहर वगळल्यास, वाईची वेस येईपर्यंत पुन्हा भेटत नाही. आणि मार्गशीर्षातील वद्य एकादशीस, म्हणजे चंद्र पहाटेपूर्वी उगवण्याची सुतराम शक्यता नसताना, त्या वाटेने रात्री सायकलवरून वाईस जाण्याची तजवीज आमच्या स्नेह्यांनी केली, तेव्हा मला चिंता पडली ती वाटेतल्या आंबाडखिंडीच्या घाटाच्या चढाची नव्हे, दिव्याची. हे स्नेही भौतिकशास्त्राचे निवृत्त अध्यापक असल्यामुळे त्यांना आम्ही सारे ‘सर’ म्हणतो, आणि कोणतीही खरेदी त्यांच्यासमवेत करणे म्हणजे एक तास विनामूल्य व्याख्यान ऐकणे होय.

आमच्या वडिलांच्या पिढीस निवडीचा हा प्रश्न फारसा पडत नसे. घासलेटचा कंदील, नाहीतर चुनखडीसारख्या दिसणाऱ्या कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळणारा दिवा, आणि पुढे टायरला घासून फिरणारा डायनॅमो, एवढाच काय तो संसार. शिवाय दिवा लावावयाचा तो रस्ता दिसावा म्हणून कमी आणि चौकातील पोलिसाने दंड करू नये म्हणून अधिक. आज मात्र दुकानात पाऊल टाकताच विक्रेता ल्यूमेनचे हजारी आकडे फेकू लागतो, आणि ज्याचा आकडा मोठा तो दिवा थोर, असा ग्राहकाचा सहज समज होतो. वस्तुतः ल्यूमेन हा दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचा हिशेब आहे. त्यातील किती रस्त्याच्या वाट्यास आला, किती झाडांच्या शेंड्यांवर उधळला गेला आणि किती समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसला, याचा खुलासा त्या आकड्यात नसतो. सरांनी म्हणून प्रत्येक दिवा दुकानाच्या भिंतीवर पाडून पाहण्याचा हट्ट धरला. बहुतेकांचे विजेरीसारखे वाटोळे वर्तुळ पडले. दोनच दिवे असे निघाले, की ज्यांच्या प्रकाशाची वरची कड आडव्या रेषेत छाटल्यासारखी होती. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत समोरच्याला दिपवणारा नसावा असा कायदाच असल्याने, तेथील कारागिरांनी ही छाटलेल्या झोताची विद्या विशेष जोपासली आहे. आम्ही ते दोनच दिवे घेतले. त्यांचे आकडे दुकानातील सर्वांत लहान आकड्यांपैकी होते, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावर आमच्याविषयीची अनुकंपा स्पष्ट दिसत होती.

माझा दिवा पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेल्या डायनॅमोवर चालणारा; सरांचा बॅटरीवरचा. वेष्टनावर छापलेल्या तासांवर सरांचा काडीचाही विश्वास नव्हता, कारण विजेऱ्यांच्या प्रचलित अमेरिकन मानकानुसार तो काळ प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजला जातो. दहा टक्के उजेडात आंबाडखिंडीचा घाट उतरण्याची इच्छा असणाऱ्यांनी त्या आकड्यावर खुशाल विसंबावे.

भोरच्या अलीकडे भाटघर धरणाची भिंत अंधारात नुसती जाणवते. तेथे पाण्याच्या वेगाने जनित्रे फिरून वीज होते, आणि ज्या नियमाने ती होते तो फॅरेडे यांनी 1831 साली शोधलेला नियमच माझ्या चाकात तीन वॉटच्या हिशेबाने राबत होता, हे सरांनी चालत्या सायकलवरून मला ऐकविले. भोर या पंतसचिवांच्या जुन्या राजधानीत, जिचे संस्थान 1948 साली विलीन झाले, आम्ही चहा घेतला, कानटोप्या चढविल्या आणि नीरा ओलांडून दक्षिणेस लागलो.

उसाचे दिवस होते. आंबाड्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर उभा होता; बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांनी त्याचे मागचे दिवे पार झाकून टाकले होते, आणि माझ्या झोतात प्रथम आली ती ट्रॉली नव्हे, तर रस्त्यावर लोळणारा ऊस. चालक खाली उतरून बिडी ओढीत होता. “काका, मघाशी मागनं येताना तुमची लाल बत्ती लांबनं दिसली,” तो म्हणाला, “पर सायकल हाय ह्ये पायाच्या पट्टीवरनं कळलं. वरखाली होत हुती न्हवं!” सरांनी घोट्याला बांधलेल्या चकाकत्या पट्टीची मी दुकानात थट्टा केली होती, हे येथे नमूद करणे भाग आहे. स्थिर लाल ठिपका किती दूर आहे आणि कशाचा आहे हे मागच्यास उमगत नाही. पॅडलबरोबर हलणारा पाय मात्र माणसाचाच असतो. लुकलुकणाऱ्या दिव्याने लक्ष वेधते पण अंतर चुकते, म्हणून आम्ही मागे एक स्थिर व एक लुकलुकता असे दोन दिवे लावले होते. त्यांतला आपला लुकलुकता दिवा सरांनी सोडून ट्रॉलीच्या शेवटच्या मोळीला सुतळीने बांधला, आणि तो परत मिळण्याची कोणतीही व्यवस्था न करता ते सायकलवर बसले.

चढावर डायनॅमोचा स्वभाव कळतो. वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर आला, की दिवा मंदावतो व थरथरू लागतो. पण त्या वेगास उजेड लागतो तरी किती? खिंडीच्या अलीकडे दम खाण्यासाठी थांबून आम्ही सारे दिवे मालवले. अंधाराला डोळे पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि प्रखर झोत पाहण्याच्या एका क्षणात ती सारी कमाई बुडते. तेवढा वेळ आम्ही थांबलो नाही. तरीही काही वेळाने मृग नक्षत्राच्या खालचा डोंगराचा काठ, दरीचा उतार आणि फिकट रस्ता वेगवेगळे दिसू लागले. हजारो ल्यूमेनचा दिवा घेऊन निघालेला प्रवासी एका पांढऱ्या खोलीत बसून प्रवास करतो, आणि खोलीबाहेरचे त्याला काहीच दिसत नाही. माझ्या मते मोठ्या दिव्याविरुद्ध सर्वांत बळकट आक्षेप हाच. सरांच्या मते तो केवळ काव्यमय.

काळूबाईच्या डोंगराकडे जाणारा फाटा मागे टाकून उतार सुरू झाला, तेव्हा समोर दूरवर पसरणीच्या घाटातील गाड्यांचे दिवे वळणे घेताना दिसत होते. सरांचा हिशेब तयारच होता: ताशी तीस किलोमीटर वेगाने जाताना खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच बारा मीटर जातात व पुरते थांबेपर्यंत वीसहून अधिक, सबब झोत जितका लांब तितकाच वेग. सरळ रस्त्यावर हे ठीक. वळणावर हँडलचा दिवा समोरच्या दरीत प्रकाश पाडतो, आणि जिकडे जावयाचे तिकडे अंधार राहतो. त्यासाठी शिरस्त्राणावर लहानशी विजेरी हवी, कारण ती मान वळेल तिकडे वळते. मात्र सारा उजेड डोळ्यांच्या रेषेतून पडला तर खड्ड्याची सावली खड्ड्यातच लपते आणि रस्ता खोटा सपाट दिसतो; खाली लावलेल्या दिव्याने तीच सावली लांब पडून खड्डा दुरूनच हजेरी लावतो. म्हणजे दोन्ही हवेत, एक चाकापाशी व एक कपाळापाशी.

पायथ्याशी शेतांवर विरळ धुके उतरले होते. तेथे कपाळावरच्या विजेरीचा प्रकाश दवकणांवरून उलटून डोळ्यांतच येऊ लागला. ती मालवून, खालचा दिवा किंचित वाकवून आम्ही वाईच्या वेशीत शिरलो. ढोल्या गणपतीच्या घाटावर सरांनी बॅटरी तपासली, तर ती निम्म्याहून अधिक शिल्लक. हा त्यांना बॅटरीचा विजय वाटला. डायनॅमोला शिल्लक मोजावीच लागत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यावर, चाक नव्याने बांधून घेण्याचा खर्च आणि चढावर पायांना पडणारा जादा भार माझ्या जमाखर्चात कोठे मांडला आहे, असा सवाल त्यांनी केला. हा वाद मुक्कामी अंथरुणे घातल्यावरही चालू होता, आणि अखेर शेजारच्या खोलीतील यात्रेकरूंनी, दिवे कोणतेही असोत, आधी खोलीतला मालवा, असे फर्मावले.