आजीची सुई

करजण म्हटलं की कॉलेजातले मित्र विचारतात, "हे कुठे आलं?" बडोद्याहून भरुचकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर. स्टेशनचं नाव मियागाम करजण. इथून डभोईला जाणारी छोटी गाडी १८६२ साली सुरू झाली, खंडेराव महाराजांच्या काळात. तेव्हा तिचे डबे बैल ओढायचे, कारण रूळ इंजिनाचं वजन पेलणारे नव्हते. आजोबा रेल्वेत होते, म्हणून आमचं मराठी घर या कापसाच्या मुलखात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती.

१९७४ साली आजीला क्षय झाला. टीबी हा शब्द तेव्हा कोणी मोठ्याने उच्चारत नसे. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. बाबा दोन वर्षांचे, त्यांना काकूकडे ठेवलेलं. कित्येक महिने रोज एक सुई, स्ट्रेप्टोमायसिनची. आजी बरी झाली. पण तेव्हापासून तिला ऐकू कमी येतं आणि तोल जातो. आजही दिवे गेले की ती भिंतीला हात लावून चालते. "सुईने झालं" एवढ्या दोन शब्दांत आमच्या घरात हा विषय संपलेला होता.

माझ्यासाठी तो पुन्हा उघडला सेकंड इयरला, प्रथिनांची रचना शिकताना.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट तऱ्हेने दुमडते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. पण हा आकार बघायचा कसा? अणू-अणूंमधलं अंतर साध्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा काही हजार पटींनी कमी. भिंग कितीही चांगलं आणा, त्या प्रकाशात अणू दिसणार नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी बरोबर त्या मापाची आहे, पण एकट्या रेणूकडून विखुरलेले किरण फार क्षीण असतात. म्हणून त्या पदार्थाचे स्फटिक करायचे. दोऱ्यावर धरलेली खडीसाखर तुम्ही बघितली असेल. तिच्यात साखरेचे रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत असतात. तसेच प्रथिनाचे असंख्य रेणू रांगेत उभे राहिले की सगळ्यांचा मिळून जोर होतो आणि क्ष-किरणांचे ठिपके उमटतात.

खरी अडचण पुढे आहे. ठिपका किती गडद ते मोजता येतं, पण तो तरंग इतरांच्या मानाने किती पुढे-मागे होता, ते हरवतं. भजनात कोणता टाळ किती जोरात वाजला ते कळलं, पण कधी वाजला ते कळलंच नाही, तर भजन पुन्हा कसं उभं करणार? त्यावरचा तोडगा म्हणजे स्फटिकात जड धातूचे अणू घालायचे आणि ठिपक्यांत काय फरक पडला ते बघायचं. याच वाटेने केंब्रिजमध्ये पेरुत्झ आणि केंड्र्यू यांनी हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन उलगडलं. त्याबद्दल त्यांना १९६२ चं नोबेल मिळालं.

आता बडोद्याकडे येऊ. वेंकटरामन रामकृष्णन तीन वर्षांचे असताना तिथे आले. आईवडील दोघंही शास्त्रज्ञ. १९७१ मध्ये सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं आणि ते अमेरिकेला गेले. पीएचडीही भौतिकशास्त्रातच. ती हातात आल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्याला जीवशास्त्र करायचंय, आणि पुन्हा विद्यार्थी होऊन वर्गात बसले. पुढे प्राध्यापकीसाठी पन्नासेक ठिकाणी अर्ज केले, काही जमलं नाही. (तिसऱ्या वर्षाच्या मंडळींनी हे वाक्य जपून ठेवावं.)

त्यांनी हातात घेतला रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. तो स्वतः आरएनए आणि पन्नासेक प्रथिनांचा बनलेला. एवढ्या अवाढव्य वस्तूचे चांगले स्फटिक होतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता. १९८० च्या सुमारास अदा योनाथ यांनी ते करून दाखवले, आणि क्ष-किरणांनी ते खराब होऊ नयेत म्हणून अतिथंड ठेवण्याची रीतही बसवली. सप्टेंबर २००० मध्ये रामकृष्णन यांच्या गटाने रायबोसोमच्या लहान भागाची रचना 'नेचर'मध्ये छापली. जिवाणू गरम पाण्याच्या झऱ्यांतला होता, कारण त्याचा रायबोसोम दणकट. २००९ चं नोबेल रामकृष्णन, योनाथ आणि थॉमस स्टाइट्झ यांना मिळून मिळालं. आता अशा कामाला बऱ्याचदा स्फटिकही लागत नाहीत. रेणू बर्फाच्या पातळ थरात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने त्यांची चित्रं घेतात.

पण मी अडकलो तो त्याच अंकातल्या दुसऱ्या लेखाशी. त्यात या लहान भागाला चिकटलेली तीन प्रतिजैविकं दाखवली होती. त्यातलं एक स्ट्रेप्टोमायसिन.

म्हणजे १९४३ मध्ये सापडलेलं औषध नेमकं कुठे बसतं, हे २००० साली डोळ्यांना दिसलं. ते आरएनएच्या चार ठिकाणांना आणि एस-१२ नावाच्या प्रथिनाला धरून बसतं. मग रायबोसोम संदेश चुकीचा वाचतो आणि जिवाणू चुकीची प्रथिनं बनवत राहतो. एस-१२ मधलं एखादं अमिनो आम्ल बदललं तर हेच औषध क्षयाच्या जंतूवर चालेनासं होतं. आणि आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियामध्येही रायबोसोम असतात, जिवाणूंशी जुनं नातं सांगणारे. कानातल्या नाजूक पेशींना या औषधाने जी इजा होते, तिच्यामागे हे नातंही असल्याचं मानतात.

ही रचना इंटरनेटवर सगळ्यांना फुकट उघडता येते. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मोबाइलवर ती आजीला दाखवली. रंगीत रिबिनींचा गुंता. तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, की हे बडोद्याला शिकलेल्या माणसाचं काम आहे.

"यात माझी सुई कुठाय?"

मी बोट ठेवलं.

"एवढीशी?" ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मी म्हटलं, "आजी, हे तेव्हा कळलं असतं तर?"

"तर काय? घेतलीच असती. तुझा बाप दोन वर्षांचा होता." मग मोबाइल परत देत म्हणाली, "आता जागा सापडलीय ना? मग पुढच्या बाईचे कान वाचवा म्हणावं."