पायांकडे पाहण्याची साधना

वसतिगृहात पहाटेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे आनापान आणि मग मैदानावर योगासने, हा आपल्या शाळेचा नित्यक्रम होता. त्या वयात ती केवळ शिस्त वाटे. पन्नाशी ओलांडल्यावर तीच शिदोरी मला पुरते आहे.

भोसरी आणि पुढे चाकणच्या कारखान्यांत मी २८ वर्षे उभ्याने काम केले. सहा वर्षांपूर्वी मधुमेहामुळे पायांतील मज्जातंतू दुबळे झाल्याचे निदान झाले. दिवसा तळवे बधिर असतात, कापसावरून चालल्यासारखे वाटते. रात्री तेच तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. साखर आटोक्यात राहिली तर हानी मंदावते, गेलेली संवेदना मात्र बहुधा परतत नाही, असे डॉक्टरांनी समजावले.

योगासने मी सोडली नाहीत, त्यांची रीत बदलली. ताडासन भिंतीला पाठ टेकून, डोळे उघडे ठेवून करतो. तळव्यांकडून खबर येत नसल्याने तोल डोळ्यांनाच सांभाळावा लागतो. वज्रासनात पायांवर दाब येतो, म्हणून ते टाळतो. पुढे वाकणे खुर्चीवर बसूनच. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, खुर्ची, लाकडी ठोकळा यांचा आधार आसनांत रूढ केला. तो घेण्यात मला कमीपणा वाटत नाही.

पाली भाषेत ‘वेदना’ म्हणजे सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी सर्वच अनुभूती. श्वासाबरोबर लक्ष घोट्यापर्यंत नेले की त्याखाली जवळपास काहीच उमटत नाही. पूर्वी तेथे भीती दाटे. आता जाणीव जेथे थांबते ती सीमाही शांतपणे पाहतो आणि पलीकडचे काम डोळ्यांकडे सोपवतो. रोज रात्री आरसा धरून तळवे तपासतो. एकदा मोज्यावर रक्त दिसले. धातूचा कीस रुतला होता, पायाला पत्ताच नव्हता. जे जाणवत नाही त्याचीही काळजी वाहणे, हा सम्यक् स्मृतीचाच भाग होय.

देहूरोडच्या बुद्धविहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा तेही मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्रस्त होते. तेथे गेलो की मला स्वतःच्या व्याधीचे फार कौतुक उरत नाही.

पालकहो आणि माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्या, अनवाणी चालू नका, आणि आसने डॉक्टरांना विचारूनच करा. आपणा सर्वांस आरोग्यासाठी मंगल कामना.